क्लोरीन आहे, तरी शेवाळ: फोंड्यातल्या एका घरगुती स्विमिंग पुलाचं प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात कुळागराला (सुपारीच्या बागेला) लागून असलेलं घर. मागच्या बाजूला ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पूल, उथळ टोकाला ०.९ मीटर, खोल टोकाला १.८ मीटर. सरासरी खोली १.३५ मीटर धरली तर पाणी होतं ४३ घनमीटर, म्हणजे ४३ हजार लिटर. हा आकडा आधी पक्का करायचा, कारण पुढचा प्रत्येक डोस त्याच्यावरच ठरतो. पूल काँक्रीटचा, आतून काचेच्या मोझेक टाइल्स आणि त्यांच्या फटींत सिमेंटचं ग्राउट. एक एचपीचा पंप, ६०० मिलिमीटर व्यासाचा वाळूचा फिल्टर, वरचं पाणी ओढणारा एक स्किमर, तळाचं पाणी ओढणारा मेन ड्रेन, भिंतीत एक दिवा. पश्चिमेला फणस आणि दोन आंबे असल्यामुळे त्या बाजूच्या भिंतीवर दुपारनंतर ऊन पडत नाही.

तक्रार मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली. सावलीतल्या भिंतीवर पिवळसर भुकटीसारखा थर. ब्रश फिरवला की त्याचा ढग उठतो, भिंत स्वच्छ दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थर नेमका त्याच जागी हजर. पायऱ्यांच्या ग्राउटमध्ये काळे ठिपके, ते ब्रशला दादच देत नाहीत. पाणी हिरवं नाही, पण त्याची चमक गेलेली. पूल सांभाळणाऱ्याचा प्रश्न अगदी रास्त होता: किट २ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन दाखवतंय, डब्यावरही तेवढंच हवं असं लिहिलंय, मग हे येतंय कुठून?

तोवर तीन उपाय करून झाले होते. क्लोरीनच्या गोळ्या वाढवल्या. शेवाळनाशकाची एक बाटली ओतली. आणि बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद खोपीत पडूनच होतं, त्यातलं पाव किलो पाण्यात टाकलं. सुपारीच्या कोळेरोगावर चालतं ते शेवाळावर का चालू नये, हा विचार तसा चुकीचा नाही. तांबं शेवाळ मारतंच. पण पाव किलो मोरचुदात सुमारे ६४ ग्रॅम तांबं असतं आणि ४३ हजार लिटरमध्ये ते दीड पीपीएम होतं. तांब्याची शेवाळनाशकं सहसा ०.२ ते ०.३ पीपीएमच्या हिशेबाने वापरतात. दीड पीपीएमला पांढरं ग्राउट निळसर पडतं आणि पाहुण्यांचे सोनेरी केस हिरवे होतात. इथे पायऱ्यांवर निळसर झाक आलेलीच होती.

आधी हे शेवाळच आहे ना?

गोव्यात हा प्रश्न विचारावाच लागतो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असतं. क्लोरीन लागला की ते गंजाच्या रंगाचं होतं आणि पाणी चहासारखं किंवा हिरवट दिसायला लागतं. उन्हाळ्यात चिऱ्याची तांबडी धूळही पुलात बसते. ओळखायला सोपं आहे. धूळ तळाला बसते, उभ्या भिंतीला चिकटत नाही. धातूमुळे रंग आला असेल तर पाणी रंगीत पण पारदर्शक असतं, शेवाळ असेल तर गढूळ. डागावर क व्हिटॅमिनची गोळी अर्धा मिनिट घासायची. डाग फिका पडला तर लोह. इथे सावलीतला थर उभ्या भिंतीवर आणि परत परत त्याच जागी, म्हणजे पिवळं शेवाळ. काळे ठिपके हे खरं म्हणजे सायनोबॅक्टेरिया. वर संरक्षक थर असतो आणि खाली ग्राउटच्या छिद्रांत त्यांची पकड असते.

मग पाण्याची पूर्ण तपासणी केली. पीएच ७.०. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारी क्षारता, ५० पीपीएम. कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे कॅल्शियममुळे येणारा पाण्याचा जडपणा, ६०. मोकळा क्लोरीन २.५. आणि सायन्युरिक ॲसिड, ज्याला पूलवाले स्टॅबिलायझर म्हणतात, ते १३०.

दोष या शेवटच्या आकड्यात होता. घरगुती किटमध्ये ही चाचणी बहुधा नसतेच, म्हणून तो कुणाला दिसला नव्हता. चाचणीत पुलाच्या पाण्यात रसायन मिसळलं की पाणी दुधाळ होतं. ते तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओततात आणि ठिपका दिसेनासा झाला की रेघ वाचतात. उन्हाकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून. नळीवरच्या खुणा १०० ला संपतात, त्यामुळे ठिपका शंभरच्या रेघेआधीच गायब झाला तर लोक १०० लिहून मोकळे होतात. तिथे निम्मं पुलाचं आणि निम्मं बाटलीचं पाणी घेऊन चाचणी पुन्हा करायची आणि आकडा दुप्पट करायचा. इथे वाचन आलं ६५, म्हणजे १३०.

ते आलं कुठून, याचा हिशेब अगदी जुळतो. बाजारात मिळणाऱ्या २०० ग्रॅमच्या गोळ्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) ९० टक्के असतात. एका गोळीतून या पुलाला ४.२ पीपीएम क्लोरीन मिळतो आणि सोबत २.५ पीपीएम स्टॅबिलायझर. क्लोरीन खर्च होतो, स्टॅबिलायझर होत नाही. पाण्याची वाफ झाली तरी तो मागेच राहतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत २८ आठवडे, आठवड्याला दोन गोळ्या: ५६ गोळ्या, १४० पीपीएम. बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुताना, थोडं बाहेर गेलं, राहिलं १३०.

स्टॅबिलायझर थोडा हवाच. तो नसेल तर भर उन्हात निम्मा क्लोरीन तासाभरात उडतो. पण तो क्लोरीनला धरून ठेवतो आणि जेवढा जास्त, तेवढा क्लोरीन बांधलेला. शेवाळ धरू नये म्हणून मोकळा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के ठेवावा लागतो. १३० ला तो होतो जवळपास १० पीपीएम. किटमधला २.५ खोटा नव्हता, फक्त त्यातला कामाचा भाग नावापुरता होता. गोळ्या वाढवल्या म्हणजे क्लोरीन वाढला आणि त्याला जखडणारा पदार्थही वाढला.

गोळ्यांनी आणखी एक केलं. त्या आम्लधर्मी असतात, त्यामुळे अल्कलिनिटी ५० वर उतरली. त्यात विहिरीचं पाणी मुळातच मऊ. असं पाणी कॅल्शियमची भूक सिमेंटच्या ग्राउटवर भागवतं. ग्राउट खरबरीत झालं, त्याला छिद्रं पडली आणि काळ्या ठिपक्यांना घर मिळालं.

निम्मं पाणी काढणं

स्टॅबिलायझर काढायचा व्यवहार्य मार्ग एकच: पाणी बदलणं. शेवाळनाशक, फॉस्फेट काढणारी औषधं, चमक आणणारी द्रावणं यांतलं काहीही इथे उपयोगी नव्हतं. फॉस्फेटवर तर आमचं मत स्पष्ट आहे: क्लोरीन योग्य असेल तर कुळागराच्या खताचं फॉस्फेट पुलात असलं काय नि नसलं काय.

पूर्ण रिकामा मात्र करायचा नाही. जमिनीत पाणी असेल तर रिकामा पूल खालून उचलला जातो. काँक्रीटला तडे जातात, फायबरचं टब तर अक्षरशः वर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये गोव्यात हा धोका खराच असतो. मेमध्ये भूजल सगळ्यात खाली असतं, तरीही निम्म्यावर थांबलेलं बरं. १३० चं ६५ होणार होतं. अजून काढलं असतं तर बरंच झालं असतं, पण मेमधलं टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं आणि महिन्याभरात पाऊस होता.

मल्टिपोर्टचा, म्हणजे फिल्टरवरच्या दिशा बदलणाऱ्या झडपेचा, दांडा 'वेस्ट'वर (पाणी थेट बाहेर) घेऊन मेन ड्रेनमधून पाणी काढलं, स्किमरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून; नाहीतर पातळी उतरल्यावर पंप हवा ओढतो. दांडा हलवण्याआधी पंप बंद करायचा, प्रत्येक वेळी. चालू पंपावर दांडा फिरवला की आतलं गॅस्केट फाटतं आणि मग पाणी कायम थोडं वेस्टमधून वाहत राहतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. काम संध्याकाळी केलं, कारण उघड्या पडलेल्या टाइल्स मेच्या उन्हात तापू देणं धोक्याचं.

काढलेलं पाणी पाटात किंवा व्हाळात सोडायचं नाही. त्यात क्लोरीन होताच, शिवाय दीड पीपीएम तांबं, जे माशांना घातक. ते घरामागच्या चिऱ्याच्या उघड्या जागेवर, पंपाचा वेग आवळून, हळूहळू जिरवलं. आणि एकीकडून काढत दुसरीकडून भरत बसू नये. नवं पाणी जुन्यात मिसळून तेच बाहेर जातं. आधी काढा, मग भरा.

भरायला ११ हजार लिटरचे दोन टँकर. प्रत्येकाचं एक बादली पाणी आधी घेतलं, त्यात चमचाभर हायपो (द्रव क्लोरीन) टाकून अर्धा तास ठेवलं. पाणी तांबूस झालं तर त्यात लोह आहे आणि तो टँकर परत पाठवायचा. दोन्ही बादल्या स्वच्छ राहिल्या.

फिल्टरचं पोट

भरणं चालू असतानाच फिल्टर उघडला. बॅकवॉश नियमित होत होता, पण प्रत्येक वेळी जेमतेम अर्धा मिनिट. वाळूच्या वरच्या थरात चिकट गोळे झाले होते आणि पाण्याने मधूनच वाट काढली होती. अशा फिल्टरचा गेज दाब फसवा असतो: वाळू तुंबलेली असली तरी वाटेतून पाणी सुटतं, म्हणून दाब चढलेला दिसत नाही. वरचे गोळे हाताने काढले, नळीचं तोंड वाळूत खाली खुपसून ती ढवळली आणि वर आलेला गाळ ओसंडू दिला. नळी खालच्या प्लास्टिकच्या फांद्यांना (गाळलेलं पाणी गोळा करणाऱ्या बारीक नळ्यांना) लागता कामा नये. त्या तुटल्या तर वाळू पुलात येते. त्यानंतर बॅकवॉश, झडपेवरच्या काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत, दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स (सुलट्या प्रवाहाने धुणं). स्वच्छ फिल्टरचा दाब आला १२ पीएसआय. तो भिंतीवर लिहून ठेवला. २० ला पोहोचला की बॅकवॉश.

क्लोरीन: आधी हायपोची परीक्षा

इथून पुढे गोळ्या बंद, फक्त द्रव सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे हायपो. कॅनवर १० टक्के लिहिलेलं असतं, पण उन्हात उभा असलेला कॅन आठवडाभरात बराच मरतो. त्याची परीक्षा घरी होते. वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार घ्या, सिरिंजने त्यात १ मिलिलिटर हायपो टाका, ढवळा, क्लोरीन मोजा. माल १० टक्के असेल तर ५ पीपीएम यायला हवा. इथे आला ३. म्हणजे माल ६ टक्क्यांचा. कॅनवर विसंबून डोस काढला असता तर तो पहिल्या दिवसापासून अपुरा पडला असता आणि 'शॉक (क्लोरीनचा मोठा डोस) देऊनही शेवाळ जात नाही' असं म्हणायची पाळी आली असती.

या पुलाला १ पीपीएम वाढवायला ४३ ग्रॅम क्लोरीन लागतो. १० टक्क्यांचा माल ४३० मिलिलिटर, ६ टक्क्यांचा ७२० मिलिलिटर. शेवाळ मारायची पातळी स्टॅबिलायझरच्या ४० टक्के: ६५ ला २६ पीपीएम. म्हणजे पहिल्याच दमात साडेअठरा लिटर. आकडा ऐकून माणूस दचकतो, पण स्टॅबिलायझर तितका असताना हाच आकडा योग्य आहे. नवं पाणी भरल्यावर पीएच ७.२ वर आला होता, आणि तो आधीच तपासायचा, कारण क्लोरीन १० च्या वर गेला की पीएचची चाचणी भलतंच दाखवते. पाण्यात तांबं असताना पीएच चढू देणं म्हणजे डागांना आमंत्रण.

सूर्यास्तानंतर, पंप चालू ठेवून, रिटर्नच्या (गाळलेलं पाणी पुलात परत येतं त्या) तोंडासमोर बारीक धारेने हायपो ओतला. भिंती, कोपरे, पायऱ्या सगळं ब्रशने घासलं. ब्रश हे निम्मं काम आहे. न घासलेल्या थराच्या आत क्लोरीन पोहोचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोटाळा झाला. चाचणीच्या गोळ्यांच्या डीपीडी किटने (क्लोरीन असला की पाणी गुलाबी होतं) क्लोरीन शून्य दाखवला. पाणी बिनरंगी. पूल सांभाळणारा आणखी एक कॅन ओतायच्या बेतात होता. खरं तर क्लोरीन १८ होता: इतक्या क्लोरीनमध्ये डीपीडीचा गुलाबी रंग उमटतो आणि क्षणात उडून जातो. नळीकडे टक लावून पाहिलं तर ती झलक दिसते. उपाय म्हणजे एक भाग पुलाचं पाणी, नऊ भाग बाटलीचं, आणि आकडा दहापट. नंतर थेंब मोजून करायची टायट्रेशनची चाचणी वापरली, जी एवढ्या पातळीला जास्त भरवशाची.

मग काम कंटाळवाणं. दिवसातून चार-पाच वेळा मोजायचं, २६ वर आणून ठेवायचं, रोज घासायचं, पंप चोवीस तास. मधेच २६ चं ८ होऊ दिलं तर शेवाळाला दम घ्यायला वेळ मिळतो आणि हायपो वाया जातो. संपलं कधी म्हणायचं याची कसोटी पाण्याची चमक नव्हे. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचा, मध्ये काही न घालता पहाटे उन्हाआधी पुन्हा मोजायचा. रात्री ऊन क्लोरीन खात नाही. खातं ते शेवाळच. पहिल्या रात्री घट ८ पीपीएम, तिसऱ्या रात्री २. १ किंवा त्याखाली आली की झालं.

पण ती दोनवरच अडली. पाणी नितळ, भिंत स्वच्छ, तरी रोज रात्री दोन पीपीएम कोण खातंय?

दिव्यामागची खोबण

पिवळं शेवाळ जिथे प्रवाह आणि ब्रश पोहोचत नाहीत तिथे दडतं. आधी एमसीबी पाडला. दिवा वरच्या एका स्क्रूवर असतो आणि मागे केबलचं वेटोळं असतं, म्हणून पाणी न काढता तो काठावर घेता येतो. खोबणीच्या आतल्या बाजूला मोहरीच्या वाटणासारखा जाड थर होता. केबलच्या वेटोळ्यालाही. हाताच्या ब्रशने तो खरवडला आणि दिवा दोन दिवस काठावरच ठेवला. शिडीच्या पायऱ्यांच्या रबरी टोप्यांखाली, स्किमरच्या झडपेमागे आणि मेन ड्रेनच्या जाळीखाली तेच. जाळी डुबकी मारून काढली, पण पंप बंद करून. चालू पंपावर ड्रेनजवळ हात-केस नेणं जिवावर बेततं. ब्रश, व्हॅक्युमची नळी, मुलांच्या फुगवायच्या ट्यूबा हे सगळं पुलातच बुडवून ठेवलं. पोहण्याचे कपडे धुवून कडक उन्हात.

त्या रात्री घट आली ०.५. त्यानंतर पिवळ्या शेवाळासाठीचा जादा डोस: स्टॅबिलायझरच्या ६० टक्के, म्हणजे ३९ पीपीएम, चोवीस तास. २६ वरून तिथे जायला साडेनऊ लिटर. ही पायरी शेवटी घ्यायची. सुरुवातीलाच घेतली तर हायपो पाण्यासारखा जातो आणि खोबणीतलं शेवाळ तसंच राहतं. पुढे क्लोरीन १० च्या खाली येईपर्यंत कुणी पुलात उतरायचं नाही.

काळे ठिपके

यांना क्लोरीनची पातळी एकटी पुरत नाही. वरचा थर आधी फोडावा लागतो. काँक्रीट-ग्राउटवर स्टीलचा छोटा हातब्रश चालतो, फायबर किंवा लायनरवर अजिबात नाही. ब्रश स्टेनलेसचाच हवा. साध्या तारेचे तुकडे तळाला राहून गंजतात आणि नवे डाग पडतात. प्रत्येक ठिपका खरवडायचा आणि लगेच, हातमोजे घालून, टीसीसीएच्या अर्ध्या गोळीने त्या जागी घासायचं. गोळ्यांचा या प्रकरणातला एवढाच चांगला उपयोग. ती गोळी हायपोच्या भांड्यात किंवा ब्लीचिंग पावडरच्या डब्यात चुकूनही पडू देऊ नका, आग किंवा स्फोट होऊ शकतो. हायपो आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू. गोव्याच्या दमट खोप्यांमध्ये हे सगळे पदार्थ एकाच फळीवर दिसतात.

बहुतेक ठिपके गेले. खालच्या दोन पायऱ्यांत ग्राउट इतकं खाल्लं गेलं होतं की ते परत भरण्याशिवाय इलाज नाही. तांब्याची निळसर झाकही तिथे राहिली आहे. मोरचुदाचा हा हिशेब ग्राउट बदलेपर्यंत राहणार.

क्लोरीन खाली आल्यावर पाण्याचा तोल. नव्या पाण्यानंतर ६० झालेली अल्कलिनिटी ९० करायला खाण्याचा सोडा २.२ किलो. हार्डनेस १०० ने वाढवायला कॅल्शियम क्लोराइड ६.३ किलो, दोन दिवसांत विभागून. बादलीत पाणी आधी आणि क्षार नंतर, कारण ते विरघळताना चांगलंच तापतं.

जूनपासून पुढे

६५ स्टॅबिलायझरला क्लोरीन किमान ५, रोजचं लक्ष्य ७ ते ८. मेच्या उन्हात रोज साडेतीन पीपीएम जातो. ६ टक्क्यांचा हायपो अडीच लिटर, रोज संध्याकाळी. कॅन सावलीत, आणि एका वेळी पंधरा दिवसांपुरताच माल.

पावसाने बाकीचं काम फुकटात होतं. फोंड्याच्या पट्ट्यात मोसमात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि या पुलाची सरासरी खोली १३५० मिलिमीटर. पावसाचं पाणी मिसळून ओसंडत राहिलं तर सप्टेंबरअखेर स्टॅबिलायझर दहाव्या हिश्श्यावर येतो. अट एकच: मुसळधार पावसात पंप चालू हवा, नाहीतर गोडं पाणी वरच्यावर वाहून जातं आणि खालचं तसंच राहतं. घरात मे महिन्याचे पाहुणे नसते तर टँकरचे पैसे वाचवून पावसाची वाट पाहणंही शहाणपणाचं होतं. सोबत अल्कलिनिटी आणि हार्डनेसही धुऊन जातात, म्हणून दर पंधरा दिवसांनी सोडा.

ऑक्टोबरात स्टॅबिलायझर जवळपास संपलेला असतो, तेव्हा गोळ्या खुशाल वापराव्यात. १० वरून ५० वर जायला १६ गोळ्या, आठवड्याला दोन धरल्या तर आठ आठवडे. सोळावी गोळी संपली की डबा बंद करायचा आणि हायपोवर यायचं. डब्याच्या झाकणावर प्रत्येक गोळीमागे एक रेघ ओढायची, एवढी नोंद पुरते.